उमेळ्यातून जाताना शीळ घालू नका

मी एक जुना ट्रम्पेट आहे. जुना म्हणजे चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलेला, कोणी न विचारणारा. पितळ काळवंडलं आहे, कर्ण्याच्या कडेला पोचा आहे, मधलं बटण दाबलं की अडकतं. पण आवाजाचं म्हणाल तर मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही. कधीच आलं नाही. तेव्हा माझं बोलणं जरा मोठं वाटलं तर चालवून घ्या. शेवटी मी तुमच्याकडे एक गोष्ट मागणार आहे. ते आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही मधेच उठून जाल.

माझा जन्म मेरठचा. तिथे गल्लीबोळांत बँडची वाद्यं बनतात. कारागिराने पत्रा कापला, ठोकला, वाकवला, नळ्या जोडल्या आणि मला तोंडाला लावून एकदा फुंकलं. "बोलता है," म्हणाला आणि बाजूला ठेवून दिलं. झालं माझं बारसं! मग मुंबईतल्या एका वाद्यांच्या दुकानात मी कितीतरी दिवस काचेमागे लटकत होतो. तिथून मला फेबियनने उचललं.

फेबियन वसईजवळच्या उमेळे गावचा. केळीची वाडी, थोड्या पानवेली आणि घरात खाणारी तोंडं भरपूर. पण ह्या बाबाला वेड बँडचं. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून बँड काढला होता, त्यात ह्याच्याकडे ट्रम्पेट नव्हता. मी आलो आणि बँडला तोंड फुटलं. आता स्वतःची स्तुती स्वतः करू नये, पण खरं ते खरं. लग्नात नवरा घराबाहेर पडायचा तो माझ्या आवाजावर. गावच्या सणाला चर्चमधली मिस्सा संपली की लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग जेवणाकडे. मयतीलाही मी जायचो. तेव्हा मला रुमाल कोंबून वाजवायचे, म्हणजे मी रडल्यासारखा वाटायचो. आणि मे महिन्यात चर्चच्या मैदानावर फुटबॉलची टुर्नामेंट असे, तिथे गोल झाला रे झाला की मी ओरडायचो. दोन्ही बाजूंच्या गोलला ओरडायचो, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

पण ह्या गोष्टीत लग्नं नाहीत की मयती नाहीत. गोष्ट आहे एका हाकेची.

फेबियनच्या वाडीत एक बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. दिवेलागणीला फेबियन त्याच्या काठावर उभा राहून मला मैदानाकडे रोखायचा आणि वाजवायचा, पँ पँ पँऽऽ पँ. म्हणजे, पोरांनो, पुरे झालं, घरी या, प्रार्थनेची वेळ झाली. मैदानावरून उलट शीळ यायची. दोन आखूड, एक लांब. म्हणजे, ऐकलं, आलोच. घरात हा नियमच होता. हाक आली की ओ द्यायची. ओ दिली नाही तर जेवायला मिळेल, पण फेबियन बोलायचा नाही, आणि ते जेवण कोणाच्या घशाखाली उतरायचं नाही.

फेबियन गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे आलो. त्याचं नाव आग्नेल. शांत माणूस, माझ्या अगदी उलट. त्याची बायको क्लेमेंटीन, थोरली मुलगी स्टेफी आणि धाकटा लेस्टर. स्टेफीला माझं काही कौतुक नव्हतं. लेस्टरला मात्र मी म्हणजे जीव की प्राण. तो खेळायचाही आणि वाजवायचाही. एकदा मैदानावर कोणाचं तरी कोपर लागून त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून दोन बोटं तोंडात घालून तो शीळ घालायचा ना, तर त्या लांब शिळेच्या शेवटी थोडी हवा निसटायची. फुस्स. गावात सगळे हसायचे. क्लेमेंटीन म्हणायची, "दात बसवून घे, शोभतं का?" आग्नेल म्हणायचा, "राहू दे. शंभर पोरांत माझा ओळखू येतो."

हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो.

पुढे आमचे दिवस फिरले. लग्नांत डीजे आला. एकेक करून बँडवाले म्हातारे झाले. बँड मोडला तेव्हा कोणी मोडला असं म्हणता येणार नाही, एका सणाला आम्हांला बोलावलंच नाही, एवढंच झालं. आजूबाजूच्या वाड्या विकल्या गेल्या, बिल्डिंगी उभ्या राहिल्या. मला कपाटावर टाकलं. फक्त संध्याकाळी आग्नेल मला काढायचा, ओट्यावरून हाक मारायचा आणि परत ठेवायचा. लेस्टर तेव्हा वालीवला एका कारखान्यात लागला होता. तो मोटारसायकल बंद करता करताच शीळ घालायचा. एवढा मोठा घोडा झाला तरी ओ चुकवली नाही त्याने.

तो कारखाना बंद पडला. लेस्टर एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि कतारला, दोहाला गेला. जायच्या दिवशी रस्त्यावरच्या क्रुसापाशी शेजारीपाजारी जमले, प्रार्थना झाली. गाडी वळणावर पोचली तेव्हा आग्नेलने मला उचललं. पँ पँ पँऽऽ पँ. लेस्टरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि शीळ घातली. क्लेमेंटीन ओरडली, "अरे पडशील, मेल्या, आत हो!"

तिथून तो फोन करायचा. आग्नेल फोन समोर धरून मला वाजवायचा आणि पलीकडून शीळ यायची, मागून खोलीतल्या पोरांचं हसणं. फोटो पाठवायचा. समुद्राकाठचा, जुन्या बाजारातला, उंच टॉवरांसमोरचा. हसरा चेहरा, तुटका दात. मग एकदा म्हणाला, "पप्पा, दुसरं काम मिळतंय. नंबर बदलेल. नवीन नंबरवरून मीच करतो." त्यानंतर फोन आला नाही.

आठवडे गेले, महिने गेले. कंपनीने सांगितलं, काम सोडून गेला, आम्हांला माहीत नाही. खोलीतली पोरं पांगली होती. आग्नेल जिथे जाता येईल त्या प्रत्येक दारात जाऊन आला, फादरनीही खटपट केली. सगळ्यांनी चौकशी करतो म्हणून सांगितलं. रोज संध्याकाळी मात्र आग्नेल मला वाजवायचा. हाक द्यायचा आणि थांबायचा. क्लेमेंटीन स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहायची. मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

अशात दोहात वर्ल्डकप आला. त्या दिवसांत सामन्याचं तिकीट असेल तरच पाहुण्यांना शहरात शिरता येत होतं. स्टेफी वसई रोडला एका ट्रॅव्हल ऑफिसात कामाला होती. तिने कसंबसं तिकिटाचं जमवलं आणि घरी येऊन म्हणाली, "आई, पप्पा, आपण तिघं दोहा बघायला जातोय."

"बघायला?" क्लेमेंटीन म्हणाली. "मला काय बघायचंय तिथे?"

स्टेफीने मोबाईल पुढे केला. लेस्टरने पाठवलेले सगळे फोटो तिने ओळीने लावले होते. "तो जिथे जिथे उभा होता, तिथे तिथे जाऊया. कोणीतरी ओळखेल. कोणी नाही ओळखलं तर निदान तो राहिला ते शहर तरी बघून येऊ."

 आग्नेलने स्टूल आणलं, मला कपाटावरून खाली घेतलं आणि धोतराच्या जुन्या फडक्याने पुसायला बसला. स्टेफी म्हणाली, "पप्पा, हे कशाला? विमानतळावर शंभर प्रश्न विचारतील!" आग्नेल म्हणाला, "फोटो दाखवला तर दुसरे ओळखतील. मी वाजवलं तर तो स्वतःच ओळखेल."  मी तर काय सांगू तुम्हांला! इतक्या वर्षांनी कोणीतरी मला माझं खरं काम देत होतं. मी आतल्या आत नुसता फुगलो होतो.

दोहा शहर कसं आहे, असं तुम्ही विचाराल. चकचकीत आहे. रात्रीचंही दिवसासारखं. जगातले सगळे रंग अंगावर घालून माणसं हिंडत होती. निळे-पांढरे पट्टे, हिरवे, लाल, कोणी तोंड रंगवलेलं, कोणी डोक्यावर टोप घातलेला. उंच खुर्च्यांवर पोरं बसवली होती, ती भोंग्यातून सारखी ओरडत होती, मेट्रो इकडे, मेट्रो इकडे. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढत होते. आग्नेल मात्र प्रत्येक खुर्चीजवळ थांबून वरचा चेहरा नीट बघायचा. ती पोरं त्याला हसून हात दाखवायची, मेट्रो तिकडे आहे बाबा.

पहिलं ठिकाण जुना बाजार. तिथे मसाल्यांची दुकानं आहेत आणि ससाणे विकायला ठेवतात, डोळ्यांवर टोपी घालून. लेस्टरचा एक फोटो ससाण्याबरोबरचा होता. क्लेमेंटीनने मोबाईल एका परदेशी माणसापुढे धरला आणि "माय सन, माय सन" म्हणाली. त्याला वाटलं, बाईला फोटो काढून हवाय. त्याने मोबाईल घेतला, बायकोला बोलावलं, मधे क्लेमेंटीनला उभं केलं आणि तिघांचा हसरा फोटो काढून परत दिला. क्लेमेंटीन बिचारी "थँक्यू" म्हणाली. घरी अजून तो फोटो आहे, तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

आग्नेलने बाजाराच्या तोंडाशी मला वाजवलं. पँ पँ पँऽऽ पँ. आणि काय सांगू, लगेच शीळ आली! आग्नेल वळला, धावला. लाल जर्सीतला एक मोरोक्कोचा मुलगा होता, आपल्याच मित्रांना बोलावत होता. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मित्रांनो, फुटबॉलचं गाव ते. तिथे प्रत्येक जण शीळ घालत होता. आग्नेल हाक मारायचा आणि चारी बाजूंनी शिळा यायच्या, कोणाच्या कोणाला. प्रत्येक वेळी तो मान वळवायचा. संध्याकाळपर्यंत मान आखडली त्याची. स्टेफी म्हणाली, "पप्पा, बसा जरा." तो म्हणाला, "ह्याच्यात फुस्स नव्हता. त्याच्यात फुस्स असतो. मला कळेल."

सामन्याला मला आत नेऊ देत नव्हते, मी खोलीतच पडून राहिलो. तिघं परत आली तेव्हा कळलं, आग्नेल सगळा वेळ मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत बसला होता. मागच्या माणसाने चिडून त्याला सरळ बसायला सांगितलं. कोण जिंकलं, ते तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

शेवटच्या दिवशी फोटोतलं शेवटचं ठिकाण राहिलं होतं. समुद्राकाठचा लांबच लांब रस्ता, पाण्यात लाकडी होड्या आणि पलीकडे टॉवर. तिथे एक नेपाळी गार्ड उभा होता. आग्नेलने मला बाहेर काढलं तसा तो पुढे आला, "अंकल, इधर बजाना मना है." क्लेमेंटीनने लेस्टरचा फोटो दाखवला. त्याने बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "माँजी, झूठ नहीं बोलूँगा. नहीं देखा. यहाँ आदमी कमरा बदलता है, कंपनी बदलता है, फिर किसी को पता नहीं रहता." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "मैं उधर चक्कर मारके आता हूँ. तब तक बजा लो."

आग्नेलने वाजवलं. त्याचा श्वास आता पुरत नव्हता, शेवटचा सूर कापला. जवळच अर्जेंटिनाची पोरं ढोल घेऊन बसली होती. त्यांना ती हाक आवडली. ढोलवाल्याने ती ढोलावर उचलली. दुसरे तोंडाने म्हणू लागले, पँ पँ पँऽऽ पँ. मोरोक्कोचे, ब्राझीलचे, आपल्याकडचे मलयाळी, सगळे गोळा झाले. एकाने विचारलं, हे काय गाणं आहे? स्टेफीने सांगितलं, गाणं नाही, माझे वडील माझ्या भावाला बोलावतायत. आणि तिला एकदम सुचलं. तिचे डोळे चमकले. "पप्पा, ह्या सगळ्यांना उलट शीळ शिकवते! एवढी माणसं वाजवतील, आवाज कुठच्या कुठे जाईल. व्हिडिओ पसरेल. तो कुठेही असला तरी त्याच्यापर्यंत पोचेल!"

तिने शिकवलं. दोन आखूड, एक लांब. मायाळू होती हो ती माणसं. कोणाची कोण, पण जीव तोडून शीळ घालत होती. आग्नेलने हाक दिली आणि अख्ख्या समुद्रकाठाने ओ दिली. माझ्या आयुष्यात मला एवढी मोठी ओ कधी मिळाली नाही. लोक टाळ्या वाजवत होते, मोबाईल उंच धरले होते, आग्नेलला कोणीतरी खांद्यावर घेऊ बघत होतं. मला वाटलं, जिंकलो आपण!

तेवढ्यात आग्नेलने मला तोंडापासून खाली घेतलं. डावीकडे, लांब, होड्यांच्या बाजूने एक शीळ आली होती. शेवटी फुस्स.

"ऐकलंस?" तो क्लेमेंटीनला म्हणाला. ती आधीच त्या बाजूला बघत होती. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. आग्नेल गर्दीत घुसला. "थांबा! सगळे थांबा! गप्प बसा जरा!" तो मराठीत ओरडत होता. लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. त्यांनी आणखी जोरात शीळ घातली. हजारभर शिळा. दोन आखूड, एक लांब, दोन आखूड, एक लांब. जिकडे जावं तिकडे तीच. तो होड्यांपर्यंत पोचला तेव्हा तिथे फक्त फोटो काढणारी माणसं होती, आणि तीही शीळ घालत होती.

क्लेमेंटीन तिथेच कठड्यावर बसली. स्टेफी रडत होती, "पप्पा, सॉरी, मला वाटलं..." आग्नेलने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काय चुकलं बाळा? पण आता त्याने घातली तरी मला कळणार कसं?"

आम्ही परत आलो. तो व्हिडिओ मात्र जगभर फिरला. लोकांना तो फार आवडला. हरवलेल्या मुलाचं कोणी ऐकलंच नाही, सूर तेवढा सगळ्यांच्या तोंडी बसला. स्टेफी तो पुन्हा पुन्हा लावायची, कान लावून फुस्स शोधायची. ढोलाच्या आवाजात काही कळत नाही. मग तो सूर वसईतही आला. चर्चच्या मैदानावर, बोळिंजच्या सोसायट्यांमध्ये, शाळेच्या बसमध्ये, पोरं एकमेकांना तीच शीळ घालू लागली. आमच्या घरासमोरून जाताना तर हमखास. आणि प्रत्येक वेळी आग्नेल खुर्चीतून उठायचा, फाटकापर्यंत जायचा.

एका संध्याकाळी त्याने हाक दिली आणि फाटकाबाहेरून लगेच शीळ आली. दोन आखूड, एक लांब. शेवटी फुस्स. अगदी तस्साच फुस्स! आग्नेलच्या हातातून मी ओट्यावर पडलो. हा कर्ण्याचा पोचा तेव्हाचा. क्लेमेंटीन पिठाच्या हातांनी बाहेर धावली. "लेस्टर! आला गं बाई, लेस्टर आला!"

फाटकापाशी समोरच्या बिल्डिंगीतली अनुष्का उभी होती. दुसरीतली मुलगी. पुढचे दोन दुधाचे दात पडलेले. शाबासकी मिळेल म्हणून हसत होती. "आजोबा, मला पण येते!"

आग्नेल तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "छान घातलीस गं. शहाणी आहेस." आत गेला, दोन केळी आणून तिच्या हातावर ठेवली. क्लेमेंटीन फाटक धरून उभी होती, फाटकाला पीठ लागलं होतं.

त्या दिवसापासून मी कपाटावर आहे. मधे एकदा क्लेमेंटीनच म्हणाली, "वाजव की रे आज. उगाच सवय मोडते." आग्नेल म्हणाला, "नको. पूर्वी हाक मारायचो, ओ यायची नाही. ते मी सोसत होतो. आता हाक मारली की ओ येते. ओ येते आणि तो येत नाही."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हांला सांगतील, आम्हांला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. असाच गंजलो तरी माझी तक्रार नाही. मला एवढंच मागायचं आहे. यंदा पुन्हा वर्ल्डकप आहे. तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला आहे, तुमच्याही मोबाईलवर आला असेल. ती शीळ तुम्हांला येत असेल, येऊ दे. मैदानावर घाला, गच्चीवर घाला, गोल झाला की घाला. पण उमेळ्यातून जाताना, केळीची उरलेली वाडी आणि हिरवं फाटक दिसलं, की तेवढ्यापुरती तोंडातली बोटं काढा. त्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत आणि त्यांना अजून ऐकू चांगलं येतं.

आज संध्याकाळीही रस्त्यावरून कोणीतरी ती घातली. खाली ओट्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.